ट्रॅक्टरवरचा टेप आणि जळालेली तार

मंडळी, गळिताचा हंगाम सुरू झाला की आमच्या कराड-वाळव्याच्या पट्ट्यात रात्री झोप कशी लागते, ते तुम्हाला सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला लागतात आणि प्रत्येकावर टेप ठणाणत असतो. आधी आवाज येतो, मागून दिवे दिसतात. पूर्वी मीही या पोरांना नावे ठेवीत असे. पण रात्रभर खेप ओढायची, मग वजनकाट्यापुढे नंबराची वाट पाहत बसायचे, तर डोळ्याला डोळा लागू नये म्हणून माणसाला काहीतरी सोबत हवीच. शाहीर साबळे साताऱ्याकडच्या पसरणीचे आणि अण्णाभाऊ साठे वाळव्यातल्या वाटेगावचे. अशा मुलखातल्या पोरांना गाण्याचे वेड नसेल तर कुणाला असेल?

चार हंगामांमागे आमच्या धाकट्यानेही हट्ट धरला. “आबा, टेप हाय, पण बास नाय. समद्यांच्या ट्रॅक्टरवर हाय.” मी हो म्हणालो. त्याने दोन मोठे स्पीकर आणि एक ॲम्प्लीफायर आणला आणि मित्राला हाताशी धरून एका दुपारी बसवूनही टाकला. घरात बल्बला वापरतो तसली दीड एमएमची तार शिल्लक होती. तीच दिव्याच्या स्विचपासून मागे ओढली. दोनदा फ्यूज उडाला. तिसऱ्यांदा त्याने फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळला. ही युक्ती त्याला शिकवली कुणी? मीच. विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज उडाला की मी तांब्याची तार गुंडाळतो, हे तो लहानपणापासून पाहत आला होता.

त्या रात्री पेठ-सांगली रस्त्याने आम्ही भरल्या ट्रॉल्या घेऊन चाललो होतो. मी मडगार्डवर बसलो होतो. चढाला लागलो आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. पाहतो तो सीटखालून धूर निघालेला. टेप बंद झाला आणि त्याच्याबरोबर पुढचे-मागचे सगळे दिवेही गेले, कारण तार दिव्याच्याच लायनीतून घेतलेली. बॅटरी सोडवायला पाना हवा, तो मागच्या ट्रॉलीच्या पेटीत. पोराने तापलेली तार तशीच मुठीत धरून तोडली. त्याच्या तळहातावर तो व्रण अजून आहे.

आता अंधारात, भर रस्त्यात, दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या. रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. मी मोबाइलची बॅटरी हलवत मागे पळालो, तोच एक मोटारसायकल करकचून थांबली. नवरा-बायको, मध्ये लहान मूल. त्यांचे पुढचे चाक आणि आमची ट्रॉली यांत दोन हातांचे अंतर राहिले होते. तो माणूस मला एक शब्दही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी कराडला वायरिंगच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. पोरगा म्हणाला, “मोठी बॅटरी टाका.” मिस्त्री हसला. “विहीर खोल केली म्हणून झरा वाढतो का रे?” मग त्याने समजावले ते असे. बॅटरी ही विहीर, तिला भरणारा अल्टरनेटर हा झरा आणि तार ही पाइपलाइन. आमच्या ट्रॅक्टरचा झरा ३६ ॲम्पिअरचा, तोही इंजिन जोरात असताना. इंजिन मंद असले की त्याच्या निम्माही भरवसा नाही. त्यातले दहाएक ॲम्पिअर नुसते पुढचे दोन दिवेच खातात.

ॲम्प्लीफायर किती मागतो? खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. त्याच्या पाठीवरचा फ्यूज पाहा. आमच्यावर ३० ॲम्पिअरचा होता, म्हणजे जोरात वाजला की तो तेवढे ओढू शकतो. चार मीटर जाऊन चार मीटर परत येणाऱ्या दीड एमएमच्या तारेत इतक्या करंटला जवळजवळ पावणेतीन व्होल्ट वाटेतच मुरतात. बारा व्होल्टांतले पावणेतीन! म्हणजे ८० वॅटची उष्णता तारेच्या अंगातच. लांबच्या मोटारीला बारीक केबल टाकली की ती कशी कण्हते आणि केबल कशी तापते, ते तुम्ही पाहिलेच असेल. तोच हा प्रकार. तीच तार १६ एमएमची असली तर तूट जेमतेम पाव व्होल्ट.

मिस्त्रीने १६ एमएमची तार थेट बॅटरीपासून नेली, दिव्यांच्या लायनीला हात लावला नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० ॲम्पिअरचा फ्यूज बसवला. फ्यूज लांब ठेवला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार पत्र्याला घासून शॉर्ट झाल्यावर तिला अडवणारे कुणीच नसते. पत्र्यातून जाते तिथे रबर, सायलेन्सरपासून लांब, आणि अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघडे लोखंड. बॅटरी थकलेली होतीच, ती बदलून पेटीत मावेल अशी १०० ॲम्पिअर-अवरची टाकली. सोडताना आधी उणे टोक आणि जोडताना ते शेवटी, म्हणजे पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरी चार्ज होताना वायू निघतो, तेव्हा जवळ विडी नको, हेही त्याने दरडावून सांगितले.

ॲम्प्लीफायरला वेगळा स्विच आहे. कारखान्याच्या तळावर इंजिन बंद केले की तो बंद, नुसता टेप चालू. नाहीतर पहाटे नंबर येतो आणि स्टार्टर नुसता कटकट करतो. भरल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर ढकलून सुरू करणारा पैलवान अजून जन्माला यायचा आहे.

आवाजाचे भांडण मात्र घरात महिनाभर चालले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हवा, हे मी सांगितले. त्याने कानाआड केले. शेवटी त्याची आई म्हणाली, “मागून हॉर्न वाजला तर तुला ऐकू येतोय का, तेवढं सांग.” यावर तो गप्प बसला. ट्रॉल्या जोडलेल्या असल्या की तो आता बारीक आवाजातच लावतो. चांदीचा कागद गेला, डब्यात चार नवे फ्यूज आहेत आणि पाना सीटखाली. विहिरीवरच्या पेटीतली माझी तांब्याची तारही त्याने काढून टाकली, मला न विचारता.

पूर्वी ओढ्यापलीकडूनच बास ऐकू यायचा आणि हिचा तवा चुलीवर चढायचा. आता पोरगा दारात आल्यावरच कळते, म्हणून भाकरीला त्याला थोडे थांबावे लागते.