विश्वामित्रीच्या पुलावरचा भोवरा

गेल्या पावसाळ्यात बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आतेबहिणीकडे जाणं झालं. भाचा बारावीला. त्याला भौतिकशास्त्र शिकायचंय, तर दाजींना घरात इंजिनिअर हवाय. "कृष्णविवर कुणी हात लावून पाहिलंय का? त्यात आयुष्य कशाला घालवायचं?" हा दाजींचा सवाल.

संध्याकाळी भाच्याला घेऊन सयाजीबागेकडे निघालो. काळ्या घोड्याजवळच्या पुलावर थांबलो. खाली मगरींची विश्वामित्री गढूळ होऊन वाहत होती. खांबापाशी भोवरा गरगरत होता. कानडीत त्याला सुळी म्हणतात. गंमत अशी, की डोक्यावरच्या केसांच्या भोवऱ्यालाही दोन्ही भाषांत हेच शब्द!

"मामा, कृष्णविवर असंच अभ्यासतात," भाचा म्हणाला. १९८१ साली विल्यम अनरू या शास्त्रज्ञांनी मांडलं, की प्रवाह ध्वनीपेक्षा वेगाने धावू लागला, की तिथला आवाज उलटा फिरून बाहेर येऊच शकत नाही. कृष्णविवरातून प्रकाश येत नाही, तसंच. पुढे इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद टाकीत मधल्या भोकातून पाणी सोडून भोवरा केला आणि त्यावर लाटा धाडल्या. काही लाटा परतताना जास्त जोरकस झाल्या. भोवऱ्याच्या फिरण्यातली ऊर्जा त्यांनी उचलली होती. फिरत्या कृष्णविवराबद्दल कागदावर असलेलं हे भाकीत २०१७ साली पाण्यात दिसल्याचं जाहीर झालं.

"म्हणजे टाकीतलं ते कृष्णविवरच?"

"नाही मामा. फक्त लाटांचं गणित सारखं."

हा प्रामाणिकपणा मला आवडला. मग मी त्याला बेंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरांची गोष्ट सांगितली. धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं घुमून शांत होतं, हे त्यांनी १९७० साली गणिताने दाखवलं. तेव्हा तेही कुणी हात लावून पाहिलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांनी, २०१५ साली, अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी गुरुत्वलहरी टिपल्या. लहरीचं शेवटचं विरणं त्या गणिताशी जुळलं. विश्वेश्वरा तेव्हा हयात होते. २०१७ साली ते गेले.

रात्री जेवताना हे सगळं दाजींना सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. सकाळी बघतो, तर मोरीत बादली ओतून दाजी पाण्याचा भोवरा निरखत उभे! होकार अजून आलेला नाही. पण त्या दिवसापासून नकारही ऐकलेला नाही.