मराठीच्या वाटेने जपानी

जपानी शिकतोय असं राइस मिलच्या ऑफिसात सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "क्लास कुठं आहे?" क्लास नव्हताच. पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, रानडे इन्स्टिट्यूटचं नाव आम्हीही ऐकून आहोत. पण आमगावला राहून रोज गोंदियाला हिशेब लिहायला येणाऱ्या माणसासाठी पुणं म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेसचा लांबलचक प्रवास. दुसरा प्रश्न होता, "जपानशी आपला काय संबंध?" खरं तर विदर्भात हे विचारायला नको. नागपूरचे भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचे आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर जपानी मदतीतून उभं राहिलेलं. माझं कारण मात्र पोटापाण्याचं होतं. 2021 मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. शेती, वृद्धांची सेवा अशा कामांसाठी तिकडे जायची वाट खुली झाली, पण भाषेची परीक्षा द्यावी लागते. जायचं की नाही हे ठरलं नव्हतं, तरी भाषेला हात घालायला काय हरकत होती?

साहित्य शोधायला फार पैसे लागले नाहीत. एनएचके वर्ल्डचे प्राथमिक धडे हिंदीतून फुकट ऐकायला मिळतात. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पुस्तक ध्वनिफितींसह मोफत उतरवून घेता येतं. क्लासमध्ये सर्रास चालणारं 'मिन्ना नो निहोंगो' विकत घ्यावं लागतं. मी 'इरोदोरी' धरलं आणि तेच धरून ठेवलं. मोबाइलमध्ये दहा ॲप भरून ठेवणाऱ्यांची जपानी नमस्कारापुढे सरकत नाही, हे मी आजूबाजूला पाहिलं आहे.

सुरुवात लिपीपासून. हिरागानाची मूळ अक्षरं 46 आणि काताकानाचीही 46. रोमन अक्षरांत जपानी वाचायची सवय लागली की ती सुटत नाही, म्हणून तो टप्पाच गाळला. सकाळच्या पॅसेंजरमध्ये आमगाव सुटलं की वही मांडीवर घ्यायची आणि गुदमा येईपर्यंत एक ओळ गिरवायची. तक्ता पाहिला आणि धीर आला. स्वर अ, इ, उ, ए, ओ. पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम आपल्या वर्णमालेच्या वळणाचा आहे, कारण संस्कृत अक्षरांचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून तो तिकडे रुजला. त-ची ओळ 'ता, चि, त्सु, ते, तो' अशी जाते. यातल्या 'त्सु'पाशी हिंदी बोलणारे माझे मित्र अडखळतात. आपल्या तोंडात तो तयारच असतो. 'चिखल'मधला च म्हणजे 'चि' आणि 'चमचा'मधला च म्हणजे 'त्सु'चा उच्चार. सांभाळायचं ते ऱ्हस्व-दीर्घ. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. इथे घाई केली तर आजीची मावशी होते.

व्याकरण सुरू झाल्यावर मी इंग्रजी स्पष्टीकरणं वाचणं बंद केलं. इंग्रजीतून जपानीकडे जायचं तर वाक्य उलटं करावं लागतं, मराठीतून जाताना ते सरळ उतरतं. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे. 'गोंदियापासून नागपूरपर्यंत' म्हणजे 'गोंदिआ कारा नागुपुरु मादे'. 'खाऊन बघ' असं आपण म्हणतो. जपानी माणूसही 'खाऊन'ला 'पाहणे' जोडतो, 'ताबेते मिरु'. घराबाहेर पडताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'जाऊन येतो' म्हणतो. तेही 'इत्तेकिमास' म्हणतात आणि त्याचा अर्थ अक्षरशः 'जाऊन येतो'. तेव्हापासून नवा नियम आला की आधी मनात मराठी वाक्य करायचं, इंग्रजी नाही.

खरा घाम काढला तो कांजींनी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांनी. रोजच्या व्यवहारासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीतच 2136 कांजी आहेत. एका संध्याकाळी मी ओसरीवर बसून शेताची कांजी गिरवत होतो. चौकोन आणि आत अधिकचं चिन्ह. आई तांदूळ निवडत होती. वहीत डोकावून म्हणाली, "हे त बांधी होय, बाबू. मधात धुरे." तिला कुणी सांगितलं नव्हतं. धानाची बांधी आणि तिचे धुरे, नेमकं तेच. त्याच शेताखाली ताकदीचं चिन्ह लिहिलं की 'पुरुष' होतो, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "आन् रोवना का मानसं करतेत?" आमच्याकडे रोवणीला चिखलात दिवसभर वाकलेल्या असतात त्या बायाच, त्यामुळे मला उत्तर सुचलं नाही. पण त्या दोन कांजी मी परत कधी विसरलो नाही. उभं पीक, तांदूळ आणि शिजलेला भात यांना जपानीतही 'इने', 'कोमे' आणि 'गोहान' असे वेगवेगळे शब्द आहेत. धानाच्या मुलखातल्या माणसाला ते समजावून द्यावे लागत नाहीत.

मराठी सगळीकडे साथ देते असं मात्र नाही. 'वा' आणि 'गा' या दोन प्रत्ययांतला फरक तिच्यातून कळत नाही. त्यासाठी वाक्यं ऐकत राहण्याला पर्याय नाही. वस्तू चपटी की लांबट यावर मोजायचा शब्द बदलतो, महिन्याच्या पहिल्या दहा तारखांची नावं वेगळीच असतात. हे पाठच करावं लागतं. शिवाय बोलायला माणूस नसतो. मी धडा ऐकून त्याच्या पाठोपाठ म्हणायचो, मोबाइलमध्ये आवाज भरायचो आणि मूळ आवाजाशी ताडून बघायचो.

अभ्यासाला मुदत हवी. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पाच पातळ्यांतली एन-फाइव्ह सर्वांत सोपी, 180 पैकी 80 गुणांना पास. पण श्रवणात 60 पैकी 19 आणि उरलेल्या भागात 120 पैकी 38 मिळायलाच हवेत, म्हणून ऐकण्याचा अभ्यास शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. जपानमध्ये कुशल कामगार म्हणून जायचं तर एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी परीक्षा लागते. एन-फाइव्हवर ते भागत नाही, हे कुणी एजंटने वेगळं सांगितलं तरी लक्षात ठेवा.

गोंदियात, गोरेगावात, देवरीत बसून ही भाषा सुरू करता येते. इंग्रजी कच्ची आहे म्हणून थांबला असाल तर थांबू नका, इथे ती फारशी लागत नाही. एक पुस्तक, एक वही आणि रोजचा अर्धा तास काढा. हिरागानाचा तक्ता छापून घ्या आणि आजच पहिली ओळ गिरवा.