जगलेली पाच

परवा बाबांच्या वाढदिवसाला भावाने त्यांना ते मनगटावर बांधायचं घड्याळ दिलं. पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोपसुद्धा मोजतं म्हणे! बाबा खूश. साखरेचं आणि बीपीचं मशीन घरात आधीपासून आहेच, शिवाय आकडे लिहायला तारखांसकट वही.

ती वही बघताना मला आजी आठवली. कुणी मुलं किती विचारलं की ती म्हणायची, "जगलेली पाच." न जगलेली किती, हे मी एकदाच विचारलं. तिने बोटं मोजायला घेतली, मध्येच थांबली आणि "बारशाच्या आधीच गेली, नावं कुठे ठेवली होती?" म्हणत पीठ चाळायला लागली. ती कुठल्याच वहीत नाहीत.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली, तेव्हा असेच न मोजलेले जन्म-मृत्यू गावोगाव फिरून मोजायला घेतले. हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. पुढे ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवलं... बाळ तोलायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायचं. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ होतं, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर घरोघरी जातात.

भाऊ म्हणतो, गरिबी हटली की मरण आपोआप घटतं. अगदीच चूक नाही त्याचं. इंग्लंडात क्षयाचे बळी स्ट्रेप्टोमायसीन यायच्या कितीतरी आधीपासून कमी होत होते. पण गडचिरोलीतली ती गावं काही तीन वर्षांत श्रीमंत झाली नव्हती. मोजायला कुणीतरी दारात आलं, आणि नुसतं मोजून परत गेलं नाही, एवढंच. (बाबांचं घड्याळ मोजतं आणि गप्प बसतं. जिलबी चालूच आहे.)

असो. रात्री बाबांना विचारलं, "तुमच्या भावंडांतली गेलेली किती?" बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन. का तीन? अक्काला विचार."

आत्या, वाचत असशील तर सांग गं. वहीच्या शेवटच्या पानावर जागा ठेवली आहे.