माझी आधाराच्या चाकांची स्कूटर

मैत्रिणींनो, माझ्या स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांशेजारी एक वस्तू असते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका ती पाहून हसतात. टायरमधली हवा मोजायचं यंत्र! ते तिथे कसं आलं, तेवढं ऐका.

लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझा डावा पाय अधू आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाकं बसवलेल्या स्कूटरवर मी बाजारहाट करते, मुलीला शाळेत सोडते. साताऱ्यात आमच्या भागात चढउतार फार. वळणावर गाडी कलते असं वाटे, म्हणून बाजूच्या चाकांचे शॉकअप मीच हौसेनं चांगले कडक करून घेतले.

पुढच्याच पावसात, मुलगी मागे बसलेली असताना, उतारावर एका खोलगट जागी मागचा ब्रेक दाबला. गाडी थांबेचना! मागचं चाक नुसतं घसरत होतं. समोर भाजीची हातगाडी. कसाबसा पुढचा ब्रेकही धरला आणि वीतभर अंतरावर थांबले. मुलगी काही बोलली नाही. माझा पदर मात्र तिनं मुठीत घट्ट धरला होता.

घरी सासूबाई म्हणाल्या, "विकून टाक ती गाडी." ह्यांनीही मान हलवली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी गेली, की साधी कोथिंबीर आणायलासुद्धा कुणाच्या तरी सवडीची वाट पाहणं आलं!

सकाळी दुसऱ्या गॅरेजात गेले. तिथल्या वयस्कर काकांनी कारण दाखवलं. बाजूची चाकं फार कडक झाली, की खोलगट जागी सगळं वजन ती दोघंच पेलतात आणि मधलं चाक जवळजवळ अधांतरी राहतं. इंजिनाची ओढ आणि मागचा ब्रेक तर त्याच चाकाला! शिवाय बाजूच्या एका चाकात हवा कमी होती, म्हणून गाडी त्या अंगाला ओढतही होती. काकांनी दोन्ही शॉकअप सारख्याच खाचांवर सैल केले, आम्हां मायलेकींना बसवून मधलं चाक नीट टेकतं का ते पाहिलं.

तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर एवढं करा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. गाडी चालली की टायर तापतात आणि आकडा वाढतो. माझ्या मूळ गाडीच्या पुस्तकात पुढे 22 पौंड, मागे एकटीसाठी 29 आणि दोघांसाठी 36 दिले आहेत. तुम्ही आपल्या पुस्तकातले आकडे घ्या. बाजूच्या चाकांचा आकडा ती बसवणाऱ्याकडून लिहून घ्या आणि दोन्हीकडे हवा सारखी ठेवा. आणि वळण? ही गाडी दुचाकीसारखी आत झुकत नाही, उलट बाहेरच्या अंगाला कलते. त्यावर उपाय एकच, वळणाआधीच वेग कमी करणं. मी मात्र त्यासाठी शॉकअप आवळत बसले होते!

आता दर रविवारी मुलगी आकडे वाचते, मी वहीत लिहिते. परवा सासूबाई हळूच म्हणाल्या, "मला देवळापर्यंत सोडतेस का गं?"

मी म्हटलं, "थांबा हं, आधी हवा बघते."