पडद्यावरचा सुभेदार

आमच्या पोलादपूर तालुक्यातल्या माणसाला तानाजी मालुसऱ्यांवरचा चित्रपट दाखवू नये. आणि दाखवलाच, तर त्याचे मत विचारू नये. विचारणाऱ्याची संध्याकाळ फुकट जाते. उरलेल्या महाराष्ट्राला तानाजी हा इतिहासातला पुरुष आहे. आम्हांला तो वरच्या आळीतला वडीलधारा वाटतो, आणि घरच्या माणसाचे चित्र कुणी काढले की नाक जरा इकडे झाले, कान जरा तिकडे गेला, हे घरच्यांनाच आधी दिसते.

त्यात आमचा दोष थोडा आणि भूगोलाचा जास्त. सुभेदारांचे उमरठ आमच्याच तालुक्यात. तिथे त्यांची समाधी आहे, आणि माघ वद्य नवमीला अजूनही तिथे माणसांची रीघ लागते. खुद्द पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. महाराजांच्या हयातीत त्यांचे चरित्र संस्कृतात गाणारे 'शिवभारत'कार ते हेच. आंबेनळी घाट चढून गेले की प्रतापगड. खाली महाड ओलांडले की पाचाड, आणि पाचाडच्या माथ्यावर रायगड. पुरंदरावर पडलेले मुरारबाजी देशपांडे महाड तालुक्यातल्या किंजळोलीचे. शिवकाळावरचा कोणताही चित्रपट घ्या, तो फिरून फिरून आमच्या अंगणात येतो.

या चित्रपटांना मी मनातल्या मनात एकच मालिका समजत आलो आहे. दिग्दर्शक बदलले, नट बदलले, मुका पडदा बोलू लागला, काळ्या-पांढऱ्यात रंग आला. पण कथा एकच, ती पुढे चालू. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला तेव्हा पडदा मुका होता. त्यात शेलारमामा झालेल्या शांतारामबापूंनी पुढे दहा वर्षांनी, १९३३ साली, प्रभातसाठी बोलका 'सिंहगड' काढला. त्याला आधार होता हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचा. मग भालजी पेंढारकर. त्यांचा 'छत्रपति शिवाजी' १९५२ चा. त्यात चंद्रकांत मांढरे महाराज झाले आणि पृथ्वीराज कपूर मिर्झाराजे जयसिंग. १९६४ साली त्यांचा 'मराठा तितुका मेळवावा' आला. त्याचे संगीत 'आनंदघन' या नावाखाली लता मंगेशकरांनी केले होते.

भालजींचे चित्रपट मी तंबूत पाहिले. दिवाळी आटोपून भातकापणी झाली, की शेतात तंबू उभा राही. खाली तरट, वर आकाशाचा एखादा तुकडा दाखवणारे फाटके कापड, आणि मागे शिवणाच्या यंत्रासारखे खडखडणारे प्रक्षेपणयंत्र. रीळ बदलताना कंदील मोठा करीत, आणि त्या दोन मिनिटांत अर्ध्या तंबूचे विडीकाडीचे काम उरके. गड कापडाचे आहेत हे आम्हां पोरांनाही कळे. वारा आला की तट हलत, आणि तट हलतो आहे की तंबू, यावर आमच्यात पैजा लागत.

अशाच एका खेळात पडद्यावरचा कोणी मावळा लांबून दौड करीत आला, घोड्यावरून उतरला आणि निरोप सांगू लागला. माझ्या मागे बसलेली एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "आरं, आधी पानी तरी द्या त्येला!" तंबू हसला. मीही हसलो. पण इतकी वर्षे गेली, शेकडो संवाद विसरलो, ते वाक्य काही विसरलो नाही. आज वाटते, चित्रपटाला याहून मोठी पावती मिळत नसेल. त्या म्हातारीला तो मावळा तहानलेला दिसला होता.

भालजींनंतर मालिका बरीच मंदावली. अधूनमधून एखादा 'सर्जा' यायचा, १९८७ चा. २००९ साली महाराज आजच्या मुंबईत अवतरले. पण घोडा, गड आणि गनिमी कावा यांचे ते जुने विश्व पडद्यावर पुन्हा दिसेल अशी आशा मी सोडली होती. म्हणून २०१८ साली दिग्पाल लांजेकरांचा 'फर्जंद' आला तेव्हा मला झालेला आनंद सणासारखा होता. आणि विषय तरी कोणता! साठ माणसे घेऊन पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद. शाळेच्या पुस्तकात ज्याला जेमतेम एक ओळ मिळायची, त्याच्या वाट्याला सबंध चित्रपट. शिवाय हे एकच पुष्प नव्हे, शिवराजांवर आठ पुष्पांचे अष्टक वाहायचे आहे, असा संकल्प कळला. मी मनाशी म्हटले, आठही पाहायची. आयुष्याने तेवढी सवड द्यावी.

२०१९ साली 'फत्तेशिकस्त' आला. २०२२ च्या फेब्रुवारीत 'पावनखिंड', आणि दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, 'शेर शिवराज' — म्हणजे आमच्या घाटमाथ्यावरचा प्रतापगडचा प्रसंग. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाचवे पुष्प, 'सुभेदार'. यांच्या अधेमधे, २०२० च्या जानेवारीत, ओम राऊतांचा हिंदी 'तान्हाजी' येऊन गेला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. हे सगळे मी पाहिले. आणि प्रत्येक वेळी चित्रपटगृहातून बाहेर पडताना माझा उत्साह थोडा थोडा उणा होत गेला, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

"आजोबा, तुम्हांला काहीच आवडत नाही," असे माझा नातू म्हणतो. तो मुंबईत वाढला. तो मला चष्मा लावून बसवतो, आणि बाण माझ्याच डोळ्यांत येतो की काय असे वाटून मी मान वळवली की खूश होतो. तेव्हा तक्रार नीट तोलून मांडली पाहिजे. म्हातारपणी तोंडाची चव जाते आणि माणूस गुळाला नावे ठेवतो, हे मला ठाऊक आहे.

माझी तक्रार इतिहास बदलल्याची नाही. इतिहास तर आमच्या लाडक्या कथेनेही बदललेला आहे. दोर लावलेली घोरपड शाहिराच्या पोवाड्यातली; तिच्यावर इतिहासाच्या अभ्यासकांचा विश्वास नाही. सुभेदार पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला असे आम्ही मानतो. पण १६७० च्या लढाईआधी सात वर्षे, १६६३ च्या पत्रात, सिंहगड हे नाव आहे. 'तान्हाजी'मध्ये नागीण नावाची प्रचंड तोफ आहे, ती इतिहासात नाही. नसू द्या. घोरपड पचवणाऱ्याने तोफेपुढे नाक मुरडू नये. २०२५ साली 'छावा'च्या झलकीत संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले म्हणून केवढे वादळ उठले, आणि ते दृश्य काढावे लागले. मला त्या वादळाचे नवल वाटले. राजा चार पावले नाचला तर तो आपल्यात आला, असे मी समजलो असतो.

माझे दुखणे निराळे आहे. या नव्या चित्रपटांतल्या कोणालाही पाणी द्यावेसे वाटत नाही.

अंगे कशी घडीव, तालमीतून नुकतीच तेल लावून आणलेली. तलवार उगारली की काळ थबकतो; ती खाली येईपर्यंत ढोल, ताशे, शंख सगळे वाजून होतात. आई लेकाशी बोलते तेही घोषणेसारखे. शायिस्तेखानावरच्या छाप्याची जाहिरात 'सर्जिकल स्ट्राइक' म्हणून झाली. 'छापा' हा आमचा केवढा नेमका शब्द! उच्चारताच अंधार, दबकी पावले आणि धडधडणारी छाती डोळ्यांपुढे येते. तो घरात असताना आम्ही उसना आणला. आणि शब्दाबरोबर ती धडधडणारी छातीही गेली.

कोंढाण्याची रात्र ही माघ महिन्यातली, ४ फेब्रुवारी १६७० ची. कृष्णपक्षातला काळोख, मावळची थंडी, आणि पुढे द्रोणागिरीचा कडा. ज्याने जन्मात कधी रानातला कडा चढला आहे, त्याला विचारा. पाय घसरतो तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो पडूनही पुढची खाच चाचपणारी बोटे, हे त्या रात्रीचे शौर्य. जो माणूस पडद्यावर पाखरासारखा उडतो, त्याला कड्याचे कसले भय? आणि भय नाही तर मग पराक्रम कसला?

पुढची गोष्ट तर याहून माणसाची आहे. सुभेदार पडले आणि मावळे पळत सुटले. आपलेच मावळे! सूर्याजीने दोर कापले, तेव्हा कुठे ते मागे वळले. या कथेत मला सगळ्यांत जवळची वाटतात ती ही पळून वळलेली माणसे, कारण ती आमच्या खोऱ्यांतल्या घरांतली, तुमच्या-माझ्यासारखी होती. पाय पळा म्हणत होते, वाट उरली नव्हती, आणि त्यांनी गड घेतला. त्यांचे चेहरे मला पाहायचे असतात. पण नजर ठरते न ठरते तोच पडदा पुढे गेलेला असतो.

कुणी म्हणेल, करमणूक आहे, सोडून द्या. सोडलेही असते. पण दोन वर्षांपूर्वी नातवाला मी हौसेने उमरठला नेले. समाधीपाशी तो हात जोडून उभा राहिला, शेजारचा पुतळा पाहिला, भोवतालचे डोंगर, शेते आणि घरे पाहिली, आणि मग हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने, विचारले, "आजोबा, एवढंच?"

पोराची चूक नव्हती. पडद्यावर त्याने आभाळाला भिडलेले तट पाहिले होते. त्या मानाने उमरठ लहान आहे. खरोखरच लहान आहे. पण सगळी थोरवी तर तिथेच! एवढ्याशा गावातून, एवढ्याशा घरातून, मुलाच्या लग्नाची गडबड बाजूला ठेवून एक माणूस उठला, हेच या कथेचे मर्म. गाव मोठे करून दाखवले की माणूस लहान होतो. चित्रपटाने नातवाला सुभेदार दिले हे मी मानतो. पण त्याच्या हातून उमरठ काढून घेतले.

आमच्याकडे कथा गडावर संपतही नाही. पडदा पडतो तिथे आमची सुरू होते. केळदजवळून महाडच्या बाजूला कोकणात एक जुनी वाट उतरते, तिला मढेघाट म्हणतात. सुभेदारांचा देह याच वाटेने उमरठला आणला, म्हणून हे नाव पडले, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तो घाट मी तरुणपणी उतरलो आहे. मोकळ्या हातांनी उतरतानाही गुडघे बोलतात. खांद्यावर धनी घेऊन ती माणसे कशी उतरली असतील? खांदे किती वेळा बदलले असतील? कुणी कुणाशी काय बोलले असेल? आणि खाली, ज्या घरात रायबाच्या लग्नाची तयारी चालली होती, तिथे पहिला निरोप कोणी दिला असेल? यात ढोल नाही, ताशा नाही, तलवार म्यानात आहे. एवढाच चित्रपट मला कुणी दाखवील, तर मी तरटावर बसून पाहीन.

इतके बोलल्यावर नव्यांच्या पदरात त्यांचे मापही घातले पाहिजे. आज कोंडाजी फर्जंदाचे नाव शाळकरी पोरांना माहीत आहे, ते या अष्टकामुळे. आमच्या पिढीने नुसते भालजींचे गोडवे गायले. नवा चित्रपट काढायची धमक दाखवली ती लांजेकरांच्या पिढीने. आणि कवींद्र परमानंदांसारख्या, महाराजांना डोळ्यांनी पाहिलेल्या कवीचा 'शिवभारत' ग्रंथही अपुराच राहिला आहे. हा विषय कुणाच्या एका हातात मावणारा नव्हे. पेंटरांनी थोडा सांगितला, शांतारामबापूंनी थोडा, भालजींनी थोडा. आम्ही कुरकुरणारे प्रेक्षकही त्या सांगण्यातलेच. सोयरा नसता तर रुसायला मांडवात आला कशाला असता?

तेव्हा अष्टकातली उरलेली पुष्पे मी पाहणार, हे ठरलेले आहे. नातवाशी तसा करारही झाला आहे. त्याने मला तिकीट काढून चित्रपटगृहात न्यायचे, आणि मी मान वळवली तर हसायचे. मी त्याला येत्या माघात मढेघाट उतरवून महाडच्या बाजूला आणायचे. तो विचारीत होता, तिथे पाहण्यासारखे काय आहे. मी सांगितले, "काही नाही रे. पाण्याची बाटली मात्र भरून घे. तहान फार लागते."