खाऱ्या पाण्याच्या मुलखात

27 नोव्हेंबर, दर्यापूर

उत्तरेला दिवसभर गाविलगडाच्या डोंगराची निळी रेघ सोबत होती. दक्षिणेकडच्या अजिंठ्याच्या रांगा इथून दिसत नाहीत. या दोहोंमधली सपाटी म्हणजे जुन्या दप्तरांतला पायनघाट. तिच्या मधोमध पूर्णा पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. सातपुड्यातून चंद्रभागा, शहानूर आणि वाण येतात; दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा आणि मन. या सगळ्यांनी आणलेला गाळ काही ठिकाणी 300 मीटरहून जाड आहे.

ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते. गावातल्या नव्याजुन्या घरांच्या भिंतींवर तडे दिसतात ते त्यामुळेच. पण याच मातीत पावसाची ओल इतकी खोल टिकते की पाण्याची एकही पाळी न देता हरभरा येतो. आज दर्यापूरबाहेर तो गुडघ्याच्या खाली, दाट आणि हिरवागार उभा होता. शेजारच्या वावरात पऱ्हाटीची वेचणी चालू होती. एवढी पाणी धरणारी जमीन, आणि तिच्याखालचं पाणी खारं, पिण्याच्या कामाचं नाही. म्हणूनच या मुलखाला खारपाणपट्टा म्हणतात.

धुऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या काकांना विहिरीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "इहिरीत पानी हाये ना भाऊ, पन ढोरंबी पेत नाहीत." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

29 नोव्हेंबर, आडगाव

1803 साली आजच्याच तारखेला इथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि वऱ्हाड निजामाकडे गेलं. 1853 मध्ये निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी ते इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्यानंतर कापसासाठी रूळ आले. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा 1870 सालचा, तोही कापसासाठीच. मुलूख एका हातातून दुसऱ्या हातात गेला तो या काळ्या मातीच्या उत्पन्नासाठी. इथलं माणूस पितं काय, हा प्रश्न त्या तहांमध्ये कुठेच नाही.

2 डिसेंबर, दहीहंडा

इथे यायची फार दिवसांची इच्छा होती. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी 1930 च्या एप्रिलमध्ये वऱ्हाडातला मिठाचा सत्याग्रह याच गावात झाला. मीठ करायला किनारा लागला नाही, कारण खारं पाणी विहिरीतच होतं. या भागात पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ पिकवलं जायचं. ज्या पाण्यानं पिढ्यान्‌पिढ्या घशाला कोरड पाडली, तेच पाणी आटवून लोकांनी परक्या सरकारचा कायदा मोडला. या मुलखाच्या इतिहासातला मला सर्वांत मोठा वाटणारा दिवस तो. आडगावची लढाई पुस्तकांत वाचायला मिळते. दहीहंड्याचं नाव मात्र वऱ्हाडाबाहेर किती मराठी घरांत माहीत असेल?

एका घरी पाणी मागितलं. आजींनी तांब्या देताना सांगितलं, "हे वाणचं हाये, प्या." वाण धरणातून 84 खेड्यांची योजना झाली, तेव्हापासून गोडं पाणी नळानं येतं, पण रोज येत नाही. त्याआधी गावतळं होतं, नदीच्या वाळूत खणलेले झिरे होते आणि बायकांच्या डोक्यावर हंडे होते. मूत्रपिंडाच्या आजारानं गेलेल्या माणसांची नावं आजी बोटांवर मोजत होत्या. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा त्या थांबल्या.

3 डिसेंबर, अकोला

कृषी विद्यापीठात एका मृदाशास्त्रज्ञांशी दोन तास बोललो. विहिरीचं पाणी पिकाला दिलं की त्यातला सोडियम मातीचे कण सुटे करतो. मग जमीन चोपण होते आणि वरचं पाणी आत मुरत नाही. त्यांची खरी काळजी वेगळी होती. ते म्हणाले, "कालव्याचं गोडं पाणी आणलं तरी निचऱ्याची सोय आधी करा. नाहीतर खालचे क्षार वर येतील." शेततळ्यात पावसाचं पाणी धरून एखादी-दुसरी संरक्षित पाळी द्यावी आणि चारीतून जादा पाणी बाहेर काढावं, असं त्यांचं म्हणणं आहे. सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस इथे पडतो. तो वाहून जाऊ दिला तर दोष नदीचा नाही.

12 जानेवारी, ऋणमोचन

पौषातला रविवार, पूर्णेकाठची यात्रा. इथला घाट गाडगेबाबांच्या खटपटीनं झाला. बाबांचं बालपण याच खोऱ्यात, मूर्तिजापूरजवळ मामाच्या गावी गेलं. नांगर, गुरं आणि पूर्णेचं पात्र ही त्यांची शाळा. पाण्यापाशी येणाऱ्या माणसाला स्वच्छ पायऱ्या हव्यात, हे त्यांनी सांगण्याआधी करून दाखवलं. आज पायऱ्यांवर गर्दी होती आणि खालच्या पायरीशी प्लास्टिकचा ढीग साचला होता. मन खट्टू झालं.

20 जानेवारी, चांगदेव

इथे पूर्णा तापीला मिळते. हतनूर धरणाचा फुगवटा इथपर्यंत येतो, त्यामुळे संगमावर पाणी रुंद आणि संथ दिसतं. धरणात हवं तेवढं पाणी साठतं आणि वरच्या शेकडो गावांत तांब्याभर पाण्यासाठी नळाची वाट पाहतात. राज्याच्या कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली 932 गावं घेतली होती, शेततळीही झाली. ते काम गावोगाव पोचायला हवं.

या गावांतल्या लोकांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. नळ आला म्हणून गावतळं बुजवू नका, त्यावर दुकानांचे गाळे बांधू नका. नळ बंद पडला की खोऱ्यात पिण्यासाठी उरतं ते आभाळातून पडलेलं पाणीच, आणि ते धरायला तळ्याखेरीज गावाजवळ दुसरं काही नाही.