पडद्यावरची रेघ

शिष्यवृत्तीच्या पैशांतून आमच्या लेकीने अंगठ्याएवढा रेडिओ आणला. मुळात टीव्हीसाठी बनलेला तुकडा. 2012 पासून हौशी मंडळी तो कॉम्प्युटरला लावून रेडिओ ऐकतात. पडद्यावर वर लाटांचे डोंगर, खाली रंगीत धबधबा. वाळूजची पाळी संपवून आम्हीही बघायला बसायचो.

मधोमध एक उजळ रेघ दिसली. "स्टेशन!" आम्ही म्हणालो. "नाही पप्पा, ती यंत्राचीच खोड." 101.7 वर आकाशवाणी मात्र जाड पट्ट्यासारखी उमटली.

पण लेकीला हवे होते 145.800 मेगाहर्ट्झ. अंतराळ स्थानकावरून चित्रे यायचे ते दिवस होते. तीन रात्री काहीच नाही. आम्ही शहाणपणा करून गेन पार वर नेला. सगळा पडदा पिवळा, नसलेली स्टेशने हजर! "पैसे पाण्यात गेले," आम्ही बोलून गेलो. पोर न जेवताच झोपली.

चौथ्या रात्री तिने आमच्या मोबाईलचा चार्जर उपटला. उभ्या रेघांची जाळी गेली. गेन उतरवल्यावर गोंगाटाचा तळ खाली बसला. डोंगराची उंची तळापासून मोजायची असते. तळच वर चढला तर मोठा आकडाही फुकट, हे तेव्हा कळले.

आणि रेघ आली, तिरकी! ताशी 28 हजार किलोमीटरने धावणारे स्थानक जवळ येताना साडेतीन किलोहर्ट्झ वर, दूर जाताना तेवढेच खाली उमटते. "वाकली गं, वाकली!" आम्हीच ओरडलो. दहा मिनिटांत सगळे संपले.

मग ती जेवायला बसली. आमचा मोबाईल तोवर बंद पडला होता.